चेंडू की तलवार

‘लोन वुल्फ अँड कब’ या जपानी चित्रमालिकेचे २८ खंड आहेत. काझुओ कोइके यांनी लिहिलेली आणि गोसेकी कोजिमा यांनी चितारलेली ही मालिका १९७० ते १९७६ या काळात क्रमशः आली. तरीही ती महाकादंबरी म्हणून वाचू नये असं मला वाटतं. तिचं बळ सुट्या, आपापल्या पायांवर उभ्या असलेल्या लघुकथांत आहे. पूर्वकथा सांगणारी गोष्टच घ्या. ओगामी इत्तो हा शोगुनचा अधिकृत शिरच्छेदक. यग्यू घराण्याच्या कटात त्याची बायको मारली जाते, त्याच्यावर राजद्रोहाचा आळ येतो. भाडोत्री मारेकऱ्याची वाट धरण्याआधी तो आपल्या तान्ह्या मुलापुढे, दाइगोरोपुढे, एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. बाळाने चेंडू धरला तर बाप त्याला आईकडे, म्हणजे मरणाकडे, पाठवणार. तलवार धरली तर सोबत नेणार. बाळ रांगत जातं आणि तलवारीला हात घालतं. या प्रसंगात एकही वार होत नाही, पण मालिकेतला सगळ्यात जीवघेणा सामना मला हाच वाटतो.

तो तसा वाटतो याचं श्रेय संवादांपेक्षा चित्राला अधिक आहे. कोजिमा घडले कामिशिबाईत, म्हणजे चित्रं एकामागून एक पुढे सरकवत गोष्ट सांगण्याच्या कलेत. पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्याला हा प्रकार परका वाटू नये. पुढचं चित्र किती वेळ रोखून धरायचं, हे त्या कलेचं मर्म त्यांच्या चौकटींत उतरलं आहे. लढाईतसुद्धा ते वारापेक्षा वाराआधीच्या उभं राहण्यावर शाई खर्च करतात: पावलांमधलं अंतर, गवतातला वारा, मुठीवरची पकड. मग कोरड्या कुंचल्याचे दोन-चार फटकारे आणि माणूस पडलेला. युद्धकलेच्या चित्रकथेत स्वभावचित्रण असंच व्हायला हवं. माणूस कसा आहे ते त्याच्या पवित्र्यातून कळावं, भाषणातून नव्हे. कोइके यांची पात्रं सामुराई धर्मावर लांबलचक बोलू लागतात तेव्हा मी ती पानं भरभर उलटतो.

यावर आक्षेप ठरलेला: ओगामी दगडासारखा आहे, बदलत नाही, शिवाय जवळजवळ दरवेळी जिंकतो, मग उत्कंठा कशाची? ओगामीपुरतं हे खरं आहे. पण कोण जिंकणार हा या कथांचा प्रश्नच नाही. बापाच्या प्रत्येक विजयाची किंमत त्याच्यासोबत गाड्यात बसून फिरणारा दाइगोरो मोजतो, आणि तो हिशेब कोजिमा त्याच्या डोळ्यांत मांडतात. गोबरे गाल, छोटीशी शेंडी आणि पापणी न लवता प्रेताकडे पाहणारी नजर. एका कथेत तर हे मरण पचवलेले डोळे एका जाणत्या सामुराईला थबकवतात. बापाचा चेहरा कोरा ठेवल्यामुळेच मुलाचा वाचता येतो. दोघेही भावविवश असते तर कथा रडकी झाली असती. दुसरा आक्षेप बायकांबद्दलचा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कितीतरी कथांत त्या केवळ अत्याचार सोसण्यासाठी येतात. गवताच्या पात्याला इतका वेळ देणारा कुंचला त्यांच्या चेहऱ्यांपाशी क्वचितच थांबतो.