कचरापेटी रिकामी करण्याआधी

इंदूरमध्ये राहणाऱ्याला कचऱ्याबद्दल कुणी शिकवायला नको. ओला वेगळा, सुका वेगळा, सकाळी गाडीचं गाणं कानावर पडलं की डबे घेऊन सगळे दारात. पण घरातल्या संगणकावर जो कचऱ्याचा डबा असतो, त्याच्याकडे आपण वाकूनही बघत नाही. तो बिघडला तरी महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. आमच्या आप्पाकाकांकडे नेमकं हेच झालं. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत असे जुने संगणक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आप्पाकाकांचा डेस्कटॉप जुना, रॅम फक्त 2 जीबी. नवीन विंडोज त्याला झेपेना, म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्यावर डेबियन लिनक्स आणि एलएक्सडीई घालून दिलं. एलएक्सडीई म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची हलकीफुलकी मांडणी. तैवानच्या हाँग जेन यी यांनी 2006 मध्ये हे काम सुरू केलं. जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांवरही ते छान पळतं. काकांना हवं तरी काय होतं? मराठीत टाइप करायचं, फोटो बघायचे आणि घराण्याची माहिती गोळा करायची.

मधे मी पुण्याला असताना संगणक मंदावला. काकांनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने 'फालतू गोष्टी' काढून टाकल्या आणि यंत्र जरा हलकं करून दिलं. त्या दिवसापासून डेस्कटॉपवरची कचरापेटी नाहीशी झाली. काकांनी कुणाला सांगितलं नाही. यंदा जागा संपल्याची सूचना येऊ लागली, तेव्हा त्यांचा फोन आला.

मी जाऊन बसलो. फाइल उडवली की ती कचरापेटीत जाईल असं संगणक विचारायचा, पण पेटी कुठेच नाही! फाइल मॅनेजरमध्ये पत्त्याच्या जागी कचरापेटीचं नाव टाकलं, तर हे काम जमणार नाही अशा अर्थाचा निरोप. मग जायच्या त्या फाइल जात होत्या कुठे?

इथे थोडं आतलं सांगतो. कचरापेटीचं चित्र तसं जुनं. 1983 मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर ते होतं, आणि विंडोजमध्ये रिसायकल बिन आलं ते 1995 मध्ये. पण चित्र म्हणजे पेटी नव्हे. लिनक्सवर खरी पेटी तुमच्या होम फोल्डरात लपलेली असते. 'लोकल' नावाचा लपवलेला फोल्डर, त्यात 'शेअर', त्यात 'ट्रॅश'. या ट्रॅशमध्ये दोन कप्पे. 'फाइल्स'मध्ये उडवलेली फाइल जशीच्या तशी असते. 'इन्फो'मध्ये प्रत्येक फाइलची एक चिठ्ठी असते, ती मूळ कुठे होती आणि कधी उडवली, एवढंच सांगणारी. फाइल परत आणताना संगणक ही चिठ्ठी वाचून तिला तिच्या जुन्या जागी नेऊन ठेवतो.

या कप्प्यात टाकायचं काम साध्या व्यवस्थेनेही होतं. पण आत काय आहे ते दाखवायला जीव्हीएफएस नावाचा एक मदतनीस लागतो. दुरुस्तीवाल्याने नेमका तोच काढला होता. म्हणजे डबा होता, भरतही होता. फक्त त्याला दार नव्हतं.

अशा बिघाडावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ट्रॅश फोल्डरच उडवून टाका, तो नवा तयार होतो. ते खरंही आहे. जागाही मोकळी झाली असती आणि पाच मिनिटांत मी चहा पीत बसलो असतो. पण नोकरीत एक सवय लागली आहे, पुसण्याआधी बघायचं. कंट्रोल आणि एच दाबून लपवलेले फोल्डर उघडले. 'फाइल्स' कप्प्यात 12 जीबी माल. जुने फोटो, पीडीएफ, लग्नाच्या व्हिडिओच्या तीन-तीन प्रती. आणि त्यांच्यामध्ये एक फोल्डर, 'आईचा आवाज'.

काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ आले.

"हा आहे?"

आजी 2021 मध्ये गेली. त्याआधीच्या दिवाळीत काकांनी मोबाइलवर तिला बोलतं केलं होतं. होळकरांच्या काळात आपली माणसं इंदूरला कशी आली, भाजणीत काय किती घालायचं, कुणाचं लग्न कसं जमलं. पुढे साफसफाई करताना एकच फोल्डर दोनदा दिसला, म्हणून त्यांनी एक उडवला. उरलेला रिकामा निघाला. तोवर मोबाइलही बदलून झाला होता.

"काकूला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आईचा आवाज पुसला म्हणून?"

चिठ्ठी उघडली. मराठी नावं तिथे टक्क्याच्या खुणा आणि अक्षर-आकड्यांच्या लांबलचक रांगेत लिहिलेली असतात, ती आपल्याला वाचता येत नाहीत. तारीख मात्र स्वच्छ होती. आठ महिने झाले होते.

सगळ्यात आधी तो फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवला. मग दुरुस्ती. टर्मिनलमध्ये एक ओळ, सुडो एपीटी इन्स्टॉल जीव्हीएफएस. लॉगआउट करून पुन्हा लॉगइन. डेस्कटॉप प्रेफरन्सेसमध्ये कचरापेटी दाखवण्याच्या चौकोनात खूण केली आणि पेटी परत आली. राइट क्लिक करून 'रिस्टोअर' काकांनीच दाबलं. बाकीचा कचरा दोघांनी एकेक बघून काढला, त्याला दुपार गेली.

आता तुमच्या घरासाठी. या रविवारी आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या संगणकावर एक बिनकामाची फाइल तयार करा, उडवा आणि परत आणून बघा. जमलं तर पेटी ठीक आहे.

"ही फाइल कचरापेटीत टाकता येत नाही, कायमची उडवू का?" असं विचारलं जात असेल तर सवयीने 'हो' म्हणू नका. बरेचदा कुणीतरी सुडो लावून फाइल मॅनेजर चालवलेला असतो आणि ट्रॅश फोल्डरची मालकी रूटकडे गेलेली असते. ती मूळ वापरकर्त्याच्या नावावर केली की काम होतं, फोल्डर उडवावा लागत नाही.

पेन ड्राइव्हवरून उडवलेलं त्या पेन ड्राइव्हवरच्याच लपवलेल्या ट्रॅश फोल्डरात जातं. रिकामा दिसणारा ड्राइव्ह भरलेला का सांगतो, त्याचं उत्तर बहुधा तिथे सापडतं. शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं किंवा टर्मिनलमधून आरएम केलं, तर मात्र फाइल पेटीत जातच नाही.

आणि पेटी म्हणजे तिजोरी नव्हे. ती त्याच डिस्कवर असते, डिस्क गेली की तीही गेली. म्हणून ज्याची दुसरी प्रत मिळणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आजीच्या आवाजाच्या आता तीन प्रती आहेत, काकांकडे, माझ्याकडे आणि वडोदऱ्याच्या आत्याकडे. आत्याने ऐकून लगेच फोन केला. भाजणीतल्या धण्यांचं प्रमाण आजीने चुकीचं सांगितलंय, असं तिचं म्हणणं आहे.