पाबळची शाळा : हातात पाना, वहीत गणित

दर वर्षी १ जानेवारीला आपण भीमा-कोरेगावला जातो, विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि घरी परततो. त्याच पुणे-नगर रस्त्याने थोडे पुढे गेले की शिक्रापूर लागते. तेथून डावीकडे एक फाटा पाबळ गावाला जातो. इतकी वर्षे मी शिक्रापूरच्या अलीकडूनच मागे फिरत होतो. या वेळी मात्र मुद्दाम एक साधा दिवस निवडून पाबळला गेलो.

बरोबर माझा भाचा होता. तो नववीत शिकतो. गणितात कसाबसा काठावर, पण वस्तीतले बिघडलेले पंखे आणि मिक्सर त्याच्याकडे येतात. निघताना ताई म्हणाली, “दादा, बाबांनी जन्मभर कारखान्यात हातोडा मारला. आपल्याला शाळेत घातलं ते त्यातून सुटावं म्हणूनच ना? मग माझ्या पोराला परत तिकडेच का नेतोस?” मला उत्तर सुचले नाही.

पाबळ हे शिरूर तालुक्यातले कमी पावसाचे गाव. मस्तानीची कबर येथे आहे, म्हणून इतिहासाची आवड असणारे लोक येतात. आम्हाला पाहायचा होता तो विज्ञान आश्रम. आश्रम म्हटले की डोळ्यांपुढे भगवी कफनी येते. येथे दिसल्या त्या वेल्डिंगच्या ठिणग्या! डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हे काम सुरू केले. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर काम केलेला हा माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या दुष्काळी गावात येऊन राहिला. २००३ मध्ये ते वारले, पण काम चालू आहे.

त्यांचे म्हणणे साधे होते. लहान मूल वस्तू हाताळून, मोडून, जोडूनच शिकते. मग शाळेत गेल्यावर त्याला हाताची घडी घालून का बसवायचे? म्हणून गावच्या हायस्कुलात आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाचा ठेवला. अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही काढला. कामाचे विभाग चार : लोहारकाम-सुतारकाम-बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. चारही विभाग सगळ्यांना! मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक करतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. पाटलाचा मुलगा असो की मजुराचा, गोठा दोघांनाही साफ करावा लागतो. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला जे काम आले ते त्यांनी निवडलेले नव्हते, आणि त्यातून बाहेर पडायला वाटही नव्हती. सगळी मुले सगळी कामे शिकू लागली की कामाला चिकटलेली जात सुटायला सुरुवात होते.

भाचा रमला तो घुमटापाशी. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून उभारलेले हे घर ‘पाबळ डोम’ म्हणून प्रसिद्ध आहे. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून कमी लोखंडात घर मजबूत होते. पण पट्टीचे माप चुकले की भोकाला भोक जुळत नाही आणि बोल्ट बसत नाही. भाचा बराच वेळ ते पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “मामा, आमच्या पुस्तकात त्रिकोण आहे, पण तो कशाला असतो ते नाही.”

येथे नुसती वस्तू करून भागत नाही. आधी तिचे मापासह चित्र काढायचे, नंतर हिशोब लिहायचा : माल किती लागला, वीज किती, मजुरी किती, विकायची तर भाव काय. आपल्याकडे कारागीर पुष्कळ आहेत. पण हिशोब ठेकेदाराच्या वहीत राहतो आणि कारागीर रोजंदारीवर राहतो. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने येथे फॅब लॅबही उभी राहिली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राने कापून वस्तू बनवण्याची ही कार्यशाळा खेड्यातल्या मुलांच्या हाती आली.

परतताना ताईचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि बाबासाहेबांचे १९४२ चे निवेदनही. व्हाइसरॉयला दिलेल्या त्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीही मागितली. त्यांनी एकाच्या बदल्यात दुसरे मागितले नाही, दोन्ही मागितले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना व्यवसायशिक्षणाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शाळा असे सांगितले आहे. म्हणून पालकांनी सभेत उभे राहून विचारावे : हे सगळ्या मुलांना आहे, की फक्त ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांना? मुलींनाही पाना मिळतो का? कामाबरोबर गणित आणि विज्ञान शिकवतात का? हे शिकल्यावर कॉलेजचा रस्ता उघडा राहतो ना? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर ताईची भीती खरी समजावी आणि ठाम विरोध करावा.

ताईला मी एवढेच सांगितले. ती काही बोलली नाही. रात्री भाचा जुन्या सायकलीच्या तारांचे त्रिकोण करत बसला होता. ताईने त्याच्यापुढे भूमितीचे पुस्तक आणून ठेवले, आणि तारा मात्र उचलल्या नाहीत.