बाटलीतली कंबर आणि खळ्यातलं कोकम

वीकेण्डला धामापूरला निघाले तेव्हा सॅकमध्ये कॅमेरा होता, सनस्क्रीन होतं आणि एक हिरवीगार बाटली होती. ‘गार्सिनिया, शंभर टक्के नॅचरल.’ जिमला वेळ नाही, डेडलाइन्स संपत नाहीत. म्हणून दोन महिने मी या कॅप्सूल्स घेत होते. वजन? जैसे थे!

कुडाळहून मालवणला जाताना वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली, विजयनगरच्या काळात बांधलेला. भोवती गर्द झाडीचे डोंगर, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मानही मिळाला.

उतरले होते त्या घराच्या खळ्यात रातांबे फोडणं चाललं होतं. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. झाली सोलं! जेवताना मी कॅप्सूल काढली, तशी काकूंनी विचारलं, “ह्या काय गो?”

“वजन उतरतं, काकू. कोकमाच्या भावकीतलंच फळ आहे.”

“सोलां खावन माणूस बारीक झालो असतो, तर मी अशी असतंय काय?”

हसता हसता मी पहिल्यांदाच बाटली पूर्ण वाचली. पुढे हिरवं पान आणि टेपने आवळलेली कंबर. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. हे छापणं कायद्याने सक्तीचंच आहे. ‘वजन उतरेल’ असं मात्र कुठेच नव्हतं. ते चित्र बघून मीच वाचलं होतं!

रात्री जेमतेम रेंजमध्ये शोधाशोध केली. कॅप्सूलमधलं फळ म्हणजे केरळी माशांच्या कालवणातली कुडमपुळी. तिच्यातलं हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड कोकमातही असतं. १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी छापून आली. १३५ माणसं, १२ आठवडे. खरी आणि खोटी गोळी घेणाऱ्यांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. उलट अशा गोळ्यांनंतर काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि मी ‘नॅचरल’चा अर्थ ‘निर्धोक’ असा लावून बसले होते.

कोकमालाही लेबल आहे बरं का! सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण ते फक्त सांगतं, हे कुठलं आहे. तुमच्या कंबरेबद्दल अवाक्षर नाही.

बाटली रिकामी केली. परतताना काकूंनी कागदात बांधून सोलं दिली. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

कसं जाल : कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे मालवण रस्त्याने. रातांबे बघायचे तर एप्रिल-मे गाठा. सोलं जरूर आणा... चवीसाठी!