एक खोली आणि समुद्र

जूनच्या बँक हॉलिडेला गॉलवेच्या सॉल्टहिलमध्ये दोन खोल्यांचं काही परवडेना. मिळाला तो एक साधा स्टुडिओ. एकच खोली, तीत डबल बेड, सोफा-कम-बेड, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा आणि तीन खुर्च्या. आम्ही माणसं चार. मुंबईहून आलेल्या सासूबाईंना हे कसं चालेल, याची मला धास्ती. त्या म्हणाल्या, "अगं, गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहिलो. चौपाटी चालत दहा मिनिटांवर. तेच की हे!"

सिटीवेस्टहून प्रवास सोपा आहे. रेड लाइनची लुआस थेट ह्यूस्टनला नेते, तिथून गॉलवेला अडीच तासांची ट्रेन. अ‍ॅथलोनला शॅनन नदी ओलांडली की पश्चिमेचं आयर्लंड सुरू होतं. पुढे सॉल्टहिलला शहरातून बस.

सॉल्टहिलचं वैभव म्हणजे समुद्राकाठचा लांबलचक प्रॉम. समोर गॉलवेचा उपसागर, पलीकडे क्लेअरमधले बरेनचे करडे डोंगर. ब्लॅकरॉकच्या पिवळ्या मनोऱ्यावरून थंडीतसुद्धा माणसं पाण्यात उड्या मारतात. प्रॉम चालून संपला की टोकाच्या भिंतीला लाथ मारून परत फिरायचं, ही इथली रीत. "पाय कशाला लावायचा?" म्हणत सासूबाईंनी हात टेकवला.

आता मुख्य गोष्ट. माझी लेक नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सिटीवेस्टच्या घरात प्रत्येकाची खोली वेगळी, त्यामुळे जेवण झालं की दारं बंद. सासूबाईंना परत जायला दोनच आठवडे उरले होते आणि आजी-नातीचं बोलणं "जेवलीस का?" "येस आजी" यापलीकडे गेलं नव्हतं. स्टुडिओत बंद करायला दारच नव्हतं. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड, त्यामुळे झोप कुणालाच येईना. मेतकूट-भात खाऊन झाल्यावर दोघी सोफ्यावर आडव्या झाल्या.

लेकीने दिवसभर पाहिलेल्या पाटीचा विषय काढला. सॉल्टहिलचं आयरिश नाव 'बोहर ना त्रा', म्हणजे किनाऱ्याचा रस्ता. शाळेत शिकलेलं तिने आजीला सांगितलं, "'बो' म्हणजे काऊ. बोहर म्हणजे काऊज् जायचा रोड." सासूबाई उठून बसल्या. "म्हणजे गाईंची पाणंद! आमच्या गावी होती." मग पाणंद म्हणजे काय, तिच्या दोन्ही बाजूंना काय असतं, पावसात तिचं काय होतं, हे सगळं निघालं. लेकीचे प्रश्न आधी इंग्रजीत, मग अर्धे-अर्धे, मग मोडक्या मराठीत येऊ लागले. आजी इंग्रजीत उत्तर देऊ शकत नव्हती, हेच बरं झालं. आयरिश 'बो' आणि आपला संस्कृत 'गो' हे एकाच मुळाचे शब्द, हे मी मध्येच सांगितलं. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने अन स्पिदेलला गेलो. हा गेलटख्टचा, म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांचा भाग. आयरिश ही 1937च्या राज्यघटनेनुसार देशाची पहिली अधिकृत भाषा, 2007पासून युरोपीय संघाचीही. शाळाशाळांतून ती शिकवतात. तरी सिटीवेस्टमध्ये माझ्या कानावर ती पडते ती बहुतेक लुआसमधल्या घोषणांतच. इथे दुकानात एक आई चॉकलेटसाठी हटून बसलेल्या पोराला आयरिशमध्ये दटावत होती. घटना आणि शाळा भाषेला मान देतात, पण तिच्यात रागवायला आणि हट्ट करायला घरच लागतं.

सासूबाई आता गिरगावात आहेत. रविवारच्या फोनवर लेक अजून चुका करते, 'तो पाणंद' म्हणते. आजी सुधारते आणि गोष्ट पुढे सरकते.

पुढच्या उन्हाळ्यात आजी-आजोबा येणार असतील तर समुद्राकाठी जरूर जा. दोन खोल्या परवडत असल्या, तरी एकच घ्या.