'आस्क' की 'ॲक्स'?

न्यू जर्सीत नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई 'आस्क'ला 'ॲक्स' म्हणायची. "लेट मी ॲक्स यू समथिंग" असं ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्यांना हसत पुण्यात वाढलेली मी! एकदा भर मीटिंगमध्ये तिची चूक सुधारली. दोघे-चौघे हसले. ती गप्प झाली आणि नंतर आठवडाभर तिने मला काही विचारलंच नाही.

घरी लेकीला हे तोऱ्यात सांगितलं. ती कॉलेजात इंग्रजी शिकते. म्हणाली, "आई, १४ व्या शतकातला चॉसरसुद्धा 'ॲक्स' लिहायचा. ती चूक नाही, जुनी बोली आहे. आणि तू 'डेव्हलप' म्हणतेस, ते? इथे 'डिव्हेलप' म्हणतात."

मी चपापले. ऑफिसात मी 'डेव्हलप' म्हटलं की तीच बाई पुढच्या वाक्यात सहज 'डिव्हेलप' म्हणायची. मला ते कधी टोचलं नाही, कारण तिने ते टोचू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट ॲक्स्ड मी."

आता कुणाचा उच्चार खटकला तर अर्थ कळला ना, एवढंच मी पाहते. नाहीच कळला तर बाजूला घेऊन विचारते. आणि हो, 'पानी' म्हणणाऱ्यालाही आता हसत नाही. तहान तीच असते ना!