पायाखालची हवा

मोटारीचे कौतुक करणारी माणसे तिच्या वेगाचे करतात, रंगाचे करतात, फार तर हॉर्नचे करतात. ब्रेकचे कौतुक मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. लग्नघरी पाटपाणी करणाऱ्या आत्याबाईंची जी गत, तीच ब्रेकची. चुकले तरच आठवण व्हायची! पण लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला या अन्यायात सामील होता येत नाही. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच बसलेले. खंडाळा मागे पडला की रस्ता जो खाली सुटतो, तो खोपोलीलाच दम घेतो. इथे एक वेळ चालू न होणारी मोटार परवडेल, न थांबणारी परवडायची नाही.

बोरघाटाला हे शहाणपण फार जुने आहे. १८३० साली येथे गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी आली. पण ती आणणाऱ्यांनी चढण्याइतकीच उतरण्याचीही धास्ती घेतली. उतारावर गाडी बेफाम झालीच, तर तिला वळवून घ्यायला चढाचे आडरूळ या घाटात ठेवलेले आहेत. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी आख्यायिका. त्याच्यापुढे नाणे टाकून जाणारे ड्रायव्हर मी लहानपणापासून पाहत आलो. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, तरी ती रीत मोडली नाही. शिंग्रोबावर माझीही श्रद्धा आहे. फक्त नाणे टाकण्याआधी ब्रेकचे तेल पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून तिची शेवटची बहीण २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमची अजून अंगणात आंब्याखाली उभी आहे. यंदा पावसाळा सरता सरता तिचे ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. एकदा दाबले की खोल जाई, दोन-तीनदा दाबले की वर येई. बाजाराच्या उतारावर शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्या हे लक्षात आले आणि घरी येताच त्यांनी पदर खोचून निकाल दिला, "भाऊबीजेला मी पनवेलला एसटीनं जाईन. ही गाडी एक तर विका, नाही तर तिच्यावर तुळस लावा." चिरंजीवांनीही फोनवरून आईचीच री ओढली. म्हणजे प्रश्न नुसत्या पेडलचा राहिला नाही. वडिलांची गाडी दारात राहते की जाते, इथवर येऊन ठेपला.

आता या मऊपणाचे गूढ फारसे नाही. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, असे सतराव्या शतकात पास्काल या फ्रेंच पंडिताने सांगून ठेवले. पायाने दट्ट्या दाबावा आणि चार चाकांत चार ठिकाणी ब्रेक लागावा, ही त्याचीच करामत. तेल दाबून आकसत नाही. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की आपला सगळा जोर त्या बुडबुड्यालाच चेपण्यात खर्ची पडतो. त्यात हे तेल मोठे तहानेलेले. हवेतला ओलावा ते गुपचूप पीत बसते. आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडणाऱ्या गावात त्याला पाजणाऱ्यांची काय वाण! 'डॉट ३' जातीच्या ताज्या तेलाने निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे; ओलावा प्यालेल्या तेलाकडून अपेक्षा १४० अंशांचीच. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तेल उकळते, वाफ होते. आणि वाफही हवेसारखीच पायाखाली चेपली जाते.

चाकांमागे कुठे तेल गळत नाही ना, हे मी आधी पाहिले. गळत असते तर गाडी थेट मिस्त्रीकडेच गेली असती. मग चाकांना दगड लावले, नवे तेल आणले, रिंगपाना, पारदर्शक नळी आणि एक काचेची बरणी मांडली. उणीव होती ती एका पायाची. ब्रेकची हवा काढणे हे दोन माणसांचे काम. मी सौभाग्यवतींना म्हटले, "विकायची तर विकू, पण गिऱ्हाइकाला ब्रेक तरी धड द्यायला हवा ना?" हा मुद्दा त्यांना पटला.

सगळ्यांत लांबचे चाक आधी. म्हणून मागचे डावे. निपलाला नळी लावून तिचे दुसरे टोक बरणीतल्या तेलात बुडवले.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव!" मी निपल सैल करी, काळपट तेलाबरोबर बुडबुडे बरणीत येत, पेडल खाली जाई. निपल घट्ट केल्यावरच "सोड!" म्हणायचे, आधी पाय उचलला तर बाहेर घालवलेली हवा तशीच परत आत. दर चार-सहा खेपांनी वरच्या डब्यात नवे तेल घालायचे, कारण तो रिकामा झाला की सगळे मुसळ केरात. बरणीतले तेल पुन्हा वापरायचे नाही आणि रंगावर सांडू द्यायचे नाही. ते रंग खाते.

मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. संसारात इतका वेळ एकमेकांचे बोलणे आम्ही इतक्या नेमाने क्वचितच ऐकले असेल! मला बरणीतले बुडबुडे दिसत होते. पण पेडल कसे बदलते आहे, ते त्यांच्याच पायाला कळत होते. चौथ्या चाकाला मी काही विचारायच्या आत वरून आवाज आला, "अहो, आता दगडासारखं लागतंय." त्यांनी पुन्हा दाबले, दाबून धरले. पेडल जागचे हलले नाही.

गाडी किती भरवशाची आहे हे मी महिनाभर सांगत होतो. त्या बोलण्याचा गुण आला नव्हता. भरवसा कानातून शिरत नसावा. ज्याला घाट उतरायचा आहे, त्याच्या पायालाच तो लागावा लागतो.

हात धुऊन मी चहाला बसलो. गाडी विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. कपात साखर ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "आधी इथं गावातच चार फेऱ्या मारून बघायच्या. घाट खालच्या गिअरात उतरायचा. आणि शिंग्रोबाला नाणं मी टाकणार."