लालपरीचा हिशोब

"ॲव्हरेज किती देते?"

आप्पांचा पहिला प्रश्न हाच होता. २०२३ चा जून महिना, कोव्हेंट्रीतलं माझं घर, गॅरेजचं दार उघडलेलं आणि आत लाल फेरारी एफ३५५. इतर लोक अशा वेळी फोटो काढायला फोन बाहेर काढतात. आप्पांनी चष्मा पुसला आणि ॲव्हरेज विचारलं.

"लिटरला सहा."

"म्हणजे एसटीएवढंच की," ते म्हणाले. "पण तिच्यात पन्नास माणसं बसायची."

आप्पा साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मी नववीत होतो तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या भिंतीवर याच गाडीचं पोस्टर होतं. ती १९९४ साली बाजारात आली होती. साडेतीन लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, प्रत्येकात पाच व्हॉल्व्ह. म्हणून नाव ३५५. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पोस्टरवर एक गोष्ट मात्र लिहिलेली नसते. ही गाडी पाळायला वर्षाला किती लागतात, ती.

२०१३ मध्ये मी ती सेकंडहँड घेतली, ४४,००० पाउंडांना. सहकाऱ्यांनी त्याच सुमारास घेतलेल्या नव्या जर्मन सेडान जवळपास तेवढ्याच्याच होत्या, त्यामुळे आपण फार काही वेडेपणा करत नाही, असं मला वाटलं. इथेच सगळे फसतात. गाडी जुनी झाली की तिचा भाव खाली येतो. तिच्या स्पेअरपार्टांचा आणि ती उघडू शकणाऱ्या मोजक्या हातांचा भाव येत नाही. गाडी तुम्ही निम्म्या किमतीत घेऊ शकता, पण सांभाळायची पूर्ण किमतीतच.

गंमत म्हणजे, लोकांना ज्या खर्चांची भीती वाटते ते खर्च किरकोळ असतात. इन्शुरन्स माझ्या रोजच्या हॅचबॅकपेक्षा थोडाच जास्त, कारण वर्षाला ३,००० मैलांच्या आतच चालवीन असं मी लिहून दिलंय. पेट्रोलचा आकडा तर एकूण हिशोबात शोधावा लागतो. खरा खर्च एका रबरी पट्ट्यात आहे.

टायमिंग बेल्ट. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ सांभाळतो तो. तो तुटला तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह अजून उघडेच असतात, आणि मग चाळीसच्या चाळीस व्हॉल्व्हांची काळजी करावी लागते. रबर असल्यामुळे तो गाडी उभी असतानाही म्हातारा होतो, म्हणून मैल कितीही कमी झाले असले तरी साधारण तीन वर्षांनी बदलायचा. आणि ३५५ मध्ये तो असतो इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे थेट सीटमागच्या पत्र्याला लागून. तिथे हात जात नाही. त्यामुळे मागचा सगळा सांगाडा, इंजिन-गिअरबॉक्ससकट, खाली उतरवतात. पुढच्या मॉडेलमध्ये, ३६० मध्ये, कंपनीने सीटमागे एक झाकण दिलं आणि इंजिन न उतरवता काम होऊ लागलं. पण माझ्या भिंतीवर ३६० नव्हती.

एकदा इंजिन खाली आलं की मेकॅनिक फोन करतो. "आता उघडलंच आहे तर..." या वाक्याची किंमत दर वेळी वेगळी असते. २०१६ मध्ये त्यात नवा क्लच आला, होज आल्या, बेअरिंग आलं. बिल ७,१४० पाउंड.

त्या वर्षी मी आप्पांना साताऱ्यात लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेण्यासाठी पैसे पाठवणार होतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि आईचे गुडघे गेले होते. "पुढच्या वर्षी बघू," मी फोनवर म्हणालो, "इकडे जरा अडचण आहे." आप्पा म्हणाले, "असू दे, घाई नाही." अडचण कसली, ते त्यांनी विचारलं नाही. बायकोलाही मी अर्धाच आकडा सांगितला होता. फ्लॅट शेवटी २०१८ मध्ये झाला. मधली दोन वर्षं आई तीन जिने चढत होती.

हे सगळं एका वहीत आहे. हिशोबाची सवय आप्पांचीच. त्यांच्या बजाज स्कूटरचीही वही होती. माझ्या वहीत तारीख, मैल, काम, रक्कम असे चार रकाने आहेत. जून २०२३ मध्ये पुन्हा बेल्टची वेळ आली, गाडी गॅरेजवाल्याकडे गेली, आणि आप्पांनी घरी वही मागून घेतली. मला ती द्यावीशी वाटत नव्हती, पण नाही कसं म्हणणार?

ते पेन्सिल घेऊन बसले. दहा वर्षांत ९,६०० मैल. खरेदी सोडून खर्च ४९,४४० पाउंड. म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त पैसे ती ठेवण्यात गेले होते.

"मैलाला पाच पाउंडांच्या वर पडलं की रे," ते म्हणाले. मग त्यांचं बोट २०२० वर थांबलं. "ही वर्षं कोरी कशी?"

लॉकडाउनमध्ये गाडी चौदा महिने उभी होती. तेवढ्यात ५८ मैल. उभी आहे म्हणजे सुरक्षित आहे, असा माझा समज. बाहेर काढली तेव्हा बॅटरी मेलेली, ब्रेकचे कॅलिपर धरलेले, पेट्रोलच्या होज कडक झालेल्या. टायरची नक्षी नव्यासारखी, पण त्यांवरचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. रबर कधीचंच म्हातारं झालं होतं. बिल ३,९००. या बिलात गाडीचा दोष शून्य. खर्चाच्या भीतीने मी ती चालवली नाही, आणि न चालवल्याचाच खर्च झाला.

"डेपोत ब्रेकडाउन जास्त कुणाचे व्हायचे, माहितेय?" आप्पा म्हणाले. "मागे लावून ठेवलेल्या गाड्यांचे. रोज चालणारी गाडी काय दुखतंय ते सांगत राहते."

मग ते २०१६ च्या पानावर आले. महिना वाचला, रक्कम वाचली. पेन्सिल थोडा वेळ तिथेच राहिली. मी चहा ठेवायला आत गेलो. परत आलो तेव्हा पान उलटलेलं होतं.

दोन दिवसांनी मी त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेलो. इंजिन ट्रॉलीवर होतं, गाडीचा मागचा भाग रिकामा. आप्पा त्याभोवती दोनदा फिरले. "आमच्या इंजिनांत टायमिंगला गिअर असायचे," त्यांनी मला मेकॅनिकला सांगायला लावलं. "पट्टा बदलायला इंजिन उतरवायची वेळ कधी आली नाही." मेकॅनिक हसला आणि म्हणाला, त्यांना इथे नोकरी देऊ का? त्या वेळचं बिल ६,२०० झालं. घरी आल्यावर मी बायकोला पूर्ण आकडा सांगितला. २०१६ चाही सांगितला. त्या रात्री आमच्यात फार बोलणं झालं नाही.

गाडी आली त्या रविवारी आप्पांना घेऊन फॉसवेवर गेलो. रोमनांनी आखलेला रस्ता, मैलोन्‌मैल सरळ. सहा हजार आरपीएमच्या पुढे तिचा आवाज बदलतो. आप्पांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, घाबरले. ते ऐकत होते. "टायमिंग बरोबर बसवलंय," म्हणाले.

परतताना मी न राहवून म्हणालो, "आप्पा, ते फ्लॅटचं... २०१६ ला..."

"वाचलं मी," ते म्हणाले. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. "तुझ्या आईला नको सांगूस. आणि आता घेतलीच आहेस तर चालव."

कुणी मला विचारतं, अशी गाडी घ्यावी का? मी तीन गोष्टी सांगतो. रंग बघू नका, बिलांची फाइल बघा. फाइल नसेल तर ती सगळी कामं तुमच्या पैशाने व्हायची आहेत. पुढच्या मोठ्या सर्व्हिसचे पैसे आजपासून वेगळ्या खात्यात टाका. मी महिन्याला २०० टाकतो, घरच्यांचे बाजूला काढल्यानंतर. ते जमत नसेल तर पोस्टर स्वस्त आहे. आणि घेतलीत तर चालवा.

भारताला परत जाण्याआधी आप्पांनी वही पुन्हा मागितली आणि पट्टी लावून पाचवा रकाना आखला. वर लिहिलं, "भारमान." एसटीत हा शब्द रोजचा, किती सीट होत्या आणि किती भरल्या, त्याची टक्केवारी. मागची दहा वर्षं त्यांनी स्वतःच भरली. जवळजवळ सगळीकडे ५०.

शेवटच्या ओळीत फॉसवेचा रविवार होता. ४१ मैल. तिथे त्यांनी १०० लिहिलं.